पहिली हाफ-डिस्टन्स ट्रायथलॉन: आधी पाणी बघा, मग रेस ठरवा

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. वय 41, बँकेत नोकरी, घरी दोन शाळकरी मुलं. हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड, वेळेत पूर्ण केली आहे. पोहायला दोन वर्षांपूर्वी शिकल्या. 25 मीटरच्या तलावात न थांबता एक किलोमीटर 31 मिनिटांत जातात, पण समुद्रात किंवा तळ्यात अजून उतरलेल्या नाहीत. आता हाफ-डिस्टन्स ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ, करायची आहे आणि ग्रुपमध्ये गोवा, कोल्हापूर आणि तुर्कस्तान अशा तीन रेसची चर्चा चालू आहे. पहिली कोणती करावी, आणि याच मोसमात करावी का?

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. या मोसमात हाफ ट्रायथलॉन करू नका. येत्या डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर जी सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिच्यात एक-दोन किलोमीटरच्या गटात नाव घाला. हिवाळ्यात जवळपास कुठे ऑलिम्पिक अंतराची, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल आणि 10 धावणं अशी ट्रायथलॉन मिळाली तर ती करा. पुढच्या मोसमासाठी गोवा डोक्यात ठेवा, पण गोव्याचा पक्का निर्णय जूनच्या शेवटी घ्या. तोवर उघड्या पाण्यात दोन किलोमीटर तासाच्या आत आणि शांत मनाने जमत नसेल, तर तळ्यातलं पोहणं असलेली कोल्हापूरची रेस घ्या. तुर्कस्तान दुसऱ्या किंवा तिसऱ्या रेसला.

हे इतकं ठामपणे सांगतेय, कारण रेस निवडताना बहुतेक जण सायकलचा चढ किती, मेडल कसं आहे आणि ग्रुपमधलं कोण कुठे चाललंय, एवढंच बघतात. पाण्याकडे शेवटी लक्ष जातं. तुमच्यासारख्या धावण्यातून आणि सायकलिंगमधून आलेल्या माणसाची रेस पाण्यात ठरते.

आकडे मांडून बघू. हाफ ट्रायथलॉन म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, एकूण 113 किलोमीटर. मैलांत ते 70.3 होतात, म्हणून आयर्नमॅन या परदेशी ब्रँडच्या मालिकेला ते नाव, आणि आपल्याकडच्या बऱ्याच रेसच्या नावापुढे 113. आयर्नमॅन 70.3 मध्ये कटऑफ, म्हणजे वेळेच्या मर्यादा, साधारण असे असतात: पोहणं 1 तास 10 मिनिटांत, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, आणि सगळं मिळून साडेआठ तास. रेसगणिक यात थोडा फरक पडतो, त्यामुळे त्या वर्षीची अॅथलीट गाइड वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

तुमचा तलावातला वेग 100 मीटरला 3 मिनिटं 6 सेकंद पडतो. त्या वेगाने 1.9 किलोमीटरला 59 मिनिटं लागतील. वाटतं की अकरा मिनिटं हातात आहेत. पण उघड्या पाण्यात सरळ रेषेत कुणी पोहत नाही. नवीन माणूस दहा टक्के अंतर सहज जास्त कापतो, म्हणजे 2.1 किलोमीटरच्या आसपास, आणि तुमची वेळ 65 मिनिटांवर जाते. उरली पाच मिनिटं. त्यात लाटा, दोन वेळा गॉगल नीट करणं आणि एकदा श्वास चुकून थांबणं, सगळं बसवायचं. शिवाय 25 मीटरच्या तलावात 1.9 किलोमीटर म्हणजे 76 लांब्या. प्रत्येक लांबीच्या शेवटी भिंतीला पाय मारून तुम्ही तीन-चार मीटर फुकट पुढे जाता आणि हातांना क्षणभर आराम मिळतो. समुद्रात भिंत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की तलावात 100 मीटरला 2 मिनिटं 40 सेकंद हा वेग दोन किलोमीटरभर टिकला पाहिजे. मग दहा टक्के जास्त अंतर धरूनही 56 मिनिटांत बाहेर पडता येतं आणि मनावरचा ताण उतरतो. तुमच्या वयात आणि तुमच्या तब्येतीला हे सहा-आठ महिन्यांचं काम आहे, मात्र आठवड्यातून तीनदा पाण्यात उतरावं लागेल आणि त्यातला निदान एक दिवस कुणीतरी काठावरून तुमचा हात बघत असायला हवा. दम वाढवून हा वेग येत नाही. कोपर वर ठेवून पाणी मागे ढकलता आलं आणि पाय खाली बुडायचे थांबले की तो आपोआप येतो.

बीआरएमबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरहून किंचित कमी. हाफमध्ये पोहणं 65 मिनिटांत आणि ट्रान्झिशनला, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-सामान बदलायला, 10 मिनिटं धरली, तर 90 किलोमीटरला सव्वाचार तास उरतात, ताशी 21 च्या वर. वडापावला थांबायची सोय नाही. कुणाच्या मागे वाऱ्याआड चिकटून जाता येत नाही: पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत 12 मीटर अंतर राखावं लागतं, ओव्हरटेक करायला 25 सेकंद मिळतात, आणि ड्राफ्टिंग करताना पकडलं तर पाच मिनिटांचा दंड. तरीही सायकलची मला तुमच्याबद्दल काळजी वाटत नाही. ताशी 24-25 चा स्थिर वेग चार महिन्यांत येईल. धावायला शेवटी तीन तास मिळतात, त्यात कटऑफसाठी किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं पुरतात. सव्वादोन तासांची हाफ मॅरेथॉन करणाऱ्या बाईला थकल्या पायांनीही ते जमतं, जर सायकलवर नीट खाल्लं-प्यायलं असेल तर.

म्हणून पुन्हा पाण्याकडे. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना डॉक्टरांनी एकत्र तपासल्या होत्या. 135 पैकी 90 पोहताना घडल्या. स्पर्धकांच्या संख्येच्या मानाने प्रमाण फार कमी, लाखाला दोनच्याही आत, आणि त्यात पुरुष बहुसंख्य. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. रेस निवडताना पाण्याला पहिला मान का द्यायचा, ते यातून कळतं. चाळिशी ओलांडली असेल तर नोंदणीच्या आधी हृदयाची तपासणी, ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर ट्रेडमिल टेस्ट, करून घ्याच. बायकांनी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही बघावा. देशातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्ताची कमतरता आहे, आणि फेरिटिन तळाला गेलेलं असेल तर कितीही सराव केला तरी धाप कमी होत नाही. दोष मात्र आपण आळसाला देत बसतो.

आता गोवा. तिथली पहिली आयर्नमॅन 70.3 20 ऑक्टोबर 2019 ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. कोविडमुळे दोन वर्षं खंड पडला आणि 13 नोव्हेंबर 2022 ला ती परतली. 2023 मध्ये 8 ऑक्टोबर, 2024 मध्ये 27 ऑक्टोबर. म्हणजे तारीख पाच आठवड्यांनी पुढेमागे होते, आणि हा फरक साधा नाही. मिरामार हे मांडवीच्या मुखाशी आहे. पाऊस नुकताच संपलेला असताना नदी गाळ घेऊन येते, पाणी गढूळ असतं आणि हात पुढे टाकला तर बोटं दिसत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र बराच निवळलेला असतो. भरती-ओहोटीचा ओढ त्या मुखाशी जाणवतो, त्यामुळे जाताना सोपं वाटलेलं पाणी परतताना अंगावर येऊ शकतं. तारीख जाहीर झाली की त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक काढून बघा, कुठल्याही कोळ्याला ते तोंडपाठ असतं.

तिथे काय होतं ते जरा जवळून सांगते. रोलिंग स्टार्ट असतो. आपल्या अंदाजे वेळेप्रमाणे रांगेत उभं राहायचं आणि थोडे थोडे जण पाण्यात सोडले जातात, प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या पायाला बांधलेल्या चिपच्या पट्टीवरून सुरू होतं. त्यामुळे शेकडो माणसं एकदम उडी घेतायत अशी धक्काबुक्की नसते. तरी पहिली दोनशे मीटर वाईट जातात. लाट तोंडावर येते, पायाखालची वाळू सुटते, श्वास वर वर होतो आणि छाती भरून आल्यासारखी वाटते. या क्षणी जोर लावणारा माणूस अडकतो. तुम्ही बाजूला व्हा, उताणं व्हा किंवा ब्रेस्टस्ट्रोकवर या, आणि फक्त श्वास पूर्ण बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. आत घेणं आपोआप होतं. सुरक्षेची छोटी होडी, कयाक, जवळ असेल तर हात वर करून तिला धरून थांबायची मुभा असते, त्याने रेस बाद होत नाही, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. हा नियम ठाऊक असणं हाच अर्धा धीर असतो.

दुसरी गोष्ट दिशेची. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. जाताना सूर्य पाठीशी, परतताना समोर आणि अगदी खाली. पारदर्शक काच असलेला गॉगल घालून गेलेल्याला परतीच्या वाटेवर नारंगी फुगे दिसतच नाहीत, फक्त चमक दिसते. गडद काचेचा गॉगल न्या आणि आदल्या दिवशी किनाऱ्यावरची एखादी उंच इमारत किंवा झाडांचा ठळक पुंजका हेरून ठेवा. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून बघायचं, मग बाजूला श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलं की कंबर खाली जाते आणि दहा मिनिटांत मान धरते. हा सराव तलावातही होतो: दर लांबीला दोनदा काठावरची खुर्ची बघायची.

गोव्याचं पाणी 28 अंशांच्या पुढेमागे असतं. 24.5 अंशांपर्यंत हौशी स्पर्धकांना वेटसूट, म्हणजे ऊब देणारा आणि तरंगायला मदत करणारा घट्ट रबरी पोशाख, बिनशर्त चालतो. 24.5 ते 28.8 मध्ये घालता येतो, पण मग बक्षिसाच्या यादीत नाव धरत नाहीत. 28.8 च्या वर मनाईच. म्हणून गोव्यासाठी वेटसूट विकत घेऊ नका आणि त्याच्या आधाराची आशाही ठेवू नका. खारं पाणी तुम्हाला गोड्या पाण्यापेक्षा थोडं वर धरतं, तेवढा फायदा मात्र सगळ्यांना मिळतो.

सायकलचा मार्ग फेऱ्यांचा असतो आणि पणजीच्या आजूबाजूचे दोनापावला-बांबोळीकडचे चढउतार त्यात येतात. कसारा घाट चढणाऱ्या नाशिककराला ते चढ भीतीदायक नाहीत, पण वळणं आणि फेऱ्यांमुळे लय सतत तुटते. कामांमुळे मार्ग वर्षागणिक बदलतो, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. खरी परीक्षा धावताना. दहा-अकरा वाजता ऊन डोक्यावर आणि हवा दमट. नाशिकला ऑक्टोबरात 32 अंश असले तरी घाम वाळतो, पणजीत तो अंगावर तसाच राहतो आणि शरीर थंड होत नाही. अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि बँकेतून तेवढी रजा मिळणार नाही. त्यावर उपाय आहे. शेवटचे दोन आठवडे घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, पंखा बंद करून आणि खिडक्या लावून सायकल चालवायची, एक-दोन धावणं दुपारी करायची, जवळ कुणीतरी हवं आणि भरपूर पाणी हवं. रेसमध्ये पहिले पाच किलोमीटर तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा मिनिटभर सावकाश धावा. प्रत्येक पाण्याच्या टेबलवर बर्फ टोपीत आणि ट्रायसूटच्या, म्हणजे तिन्ही प्रकारांत अंगावर राहणाऱ्या पोशाखाच्या, आत घाला. लाज वाटू देऊ नका, सगळेच घालतात.

नाशिककरासाठी गोव्याची खरी अडचण कॅलेंडरची आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्या हाफला वीस आठवड्यांची तयारी धरा, आठवड्याला आठ ते दहा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारपासून मागे मोजलं तर सुरुवात जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. म्हणजे वारी निघते त्या सुमारास तुमची तयारी सुरू होते, पूर्ण पावसाळा त्यात जातो, गणपती आणि नवरात्र सगळ्यात जड आठवड्यांत येतात, आणि बँकेची सहामाही अखेर, 30 सप्टेंबर, बरोबर मध्ये. दिवाळी रेसच्या तोंडावर. घरच्यांशी हे सगळं आधी बोलून घ्या. रविवारी पहाटे पाच ते दहा आई घरी नसणार, हे जूनमध्येच मुलांना सांगितलं की सप्टेंबरमध्ये भांडण होत नाही.

पावसाळ्यात सायकल कुठे चालवायची? तुमच्याकडे यावर चांगलं उत्तर आहे. सगळे त्र्यंबकच्या रस्त्याला जातात. पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीकडे कोसळत असतं, रस्ता निसरडा, धुकं, आणि श्रावणात तर भाविकांची गर्दी. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या ब्रह्मगिरीच्या फेरीच्या दिवसांत त्या वाटेला जाऊच नका. 2027 साली सिंहस्थ आहे, त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर त्र्यंबक रोड सरावासाठी विसरून जा. तुम्ही पूर्वेला वळा. सिन्नर, निफाड, येवला हा भाग पर्जन्यछायेचा आहे. शहरात झड लागली असताना सिन्नरच्या पुढे रस्ता कोरडा मिळतो. शिवाय पावसाळी वारा पश्चिमेकडून, त्यामुळे जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. थकलेल्या पायांनी शेवटचे 40 किलोमीटर वाऱ्याविरुद्ध, खाली वाकून, एकाच ताकदीने चालवणं हा हाफसाठी यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही. शिर्डीला पायी जाणाऱ्या पदयात्रांच्या दिवसांत मात्र कडेने सांभाळून. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

पोहण्याचं उलट आहे. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, नद्या आणि धरणं धोक्याची. उघड्या पाण्याचा अनुभव पावसाळ्यापूर्वीच मिळवावा लागतो, म्हणून जूनचा निर्णय आणि म्हणून डिसेंबरचं मालवण. हिवाळ्यात चिवला बीचचं पाणी बरंच शांत असतं, वेगवेगळ्या अंतरांचे गट असतात, बोटी आणि जीवरक्षक असतात, आणि शाळकरी मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे बिनधास्त उतरलेले बघून भीती निम्मी होते. तिथे चांगली वेळ नोंदवायच्या मागे लागायचं नाही. तोंडात खारं पाणी गेल्यावर काय करायचं, लाटेच्या कुठल्या बाजूने श्वास घ्यायचा, घोळक्यात कुणाची लाथ लागली तर लय कशी परत मिळवायची, एवढं शिकून या. फेब्रुवारी ते मे या काळात आणखी तीन-चार वेळा प्रशिक्षकासोबत आणि सुरक्षेची बोट असलेल्या ठिकाणी पोहा. गंगापूर धरणात दोघी-तिघींनी मिळून पहाटे उतरायचा बेत कुणी मांडला तर ठाम नाही म्हणा. परवानगीचा प्रश्न वेगळाच. तळाशी गाळ, झुडपं, मासेमारीची जाळी आणि काठावर मदतीला कुणी नाही. दरवर्षी पट्टीचे पोहणारेही अशा पाण्यात जीव गमावतात. कंबरेला बांधायचा नारंगी फ्लोट मात्र घ्याच, तो बोटवाल्याला तुम्हाला दाखवतो आणि धाप लागली की धरता येतो.

कोल्हापूरबद्दल थोडक्यात. तिथल्या बर्गमन 113 या रेसचं पोहणं राजाराम तलावात झालेलं आहे. तळं म्हणजे लाटा नाहीत, ओढ नाही, मीठ नाही, काठ चारी बाजूंना दिसतो. पहिल्या हाफसाठी ही मोठी गोष्ट. हवा गोव्याइतकी दमट नाही, नाशिकहून एका दिवसात गाडीने पोहोचता येतं आणि खर्च बराच कमी. तांबडा-पांढरा रस्सा रेस संपल्यावर. आदल्या रात्री वरण-भात. उणीव म्हणाल तर परदेशी ब्रँडच्या रेसला येतात तितके स्पर्धक आणि रस्त्याकडेचे लोक नसतात, त्यामुळे धावण्याच्या शेवटच्या फेरीत बराच वेळ तुम्ही एकट्या असाल. काहींना त्याने खचायला होतं. तुम्ही 200 किलोमीटरची बीआरएम काढली आहे, तुम्हाला नाही होणार. देशातल्या कुठल्याही छोट्या रेसमध्ये मात्र तीन गोष्टी विचारून घ्या: पाण्यात किती बोटी आणि जीवरक्षक, सायकलचा रस्ता वाहतुकीला बंद की चालू, आणि अॅम्ब्युलन्स कुठे कुठे. आयोजक नेमकं उत्तर देत नसतील तर तिथे पैसे भरू नका, रेस कितीही जवळची असली तरी.

तुर्कस्तानची, अंतल्याजवळच्या बेलेकची रेस देखणी आहे आणि सायकलचा मार्ग सपाट म्हणून लोक सुचवतात. त्यात खोटं काही नाही. पण तिथे पाणी 22-23 अंशांच्या आसपास, म्हणजे बहुतेक सगळे वेटसूट घालतात. तुम्ही तो कधी घातलेला नाही, नाशिकला त्याचा सराव करायला थंड पाणी नाही, आणि पहिल्यांदा घातल्यावर छातीवर जो दाब येतो तो घाबरल्यासारखाच वाटतो. त्यात व्हिसा, विमानात सायकलची पेटी, अनोळखी जेवण आणि झोपेची गडबड. पहिल्या रेसमध्ये अनोळखी गोष्टी जितक्या कमी तितकं बरं. बहरीनसारख्या आखाती रेसही सपाट असतात, तिथे वारा त्रास देतो. दुबई-मस्कतला नातेवाईक असतील आणि मुक्कामाची सोय असेल तर दुसऱ्या रेससाठी जरूर विचार करा. हिवाळी रेसचा फायदा हा की तयारी पावसानंतर सुरू होते आणि मार्च अखेरीच्या आधी रेस संपलेली असते.

रिलेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. यंदाच्या गोव्यात रिले टीममध्ये सायकलचा भाग घेता आला तर जरूर घ्या. ट्रान्झिशनमध्ये सायकल कशी टांगतात, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, सायकलवर चढायची रेघ कुठे असते, हे सगळं दडपण नसताना शिकता येतं. रिले जमला नाही तर स्वयंसेवक म्हणून जा आणि पोहून बाहेर येणाऱ्यांच्या ठिकाणी काम मागून घ्या. कटऑफच्या शेवटच्या दहा मिनिटांत पाण्यातून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघा, त्यांनी काय घातलंय, ते कुठून वळून आले, कुणाशी कसे बोलतात ते बघा. तुमच्यासारखीच माणसं असतात ती.

बायकांसाठी आणखी एक, कारण पुरुष प्रशिक्षक हे बोलत नाहीत. पाळीची तारीख रेसच्या आसपास येणार असेल तर सराव त्याच परिस्थितीत एकदा करून बघा: कप किंवा टॅम्पॉन, वर ट्रायसूट, दीड तास पोहणं-सायकल. गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी दोन-तीन महिने आधी बोला, रेसच्या आठवड्यात पहिल्यांदा काही घेऊ नका. ट्रायसूटही काखेत आणि मांडीत घासतोय का, ते चार तासांच्या सायकलवर तपासा. दुकानात आरशासमोर ते कळत नाही.

सायकल नवीन घेऊ नका. तुमची रोडबाईक पुरे, हँडलवर क्लिप-ऑन एअरोबार, म्हणजे पुढे वाकून धरायचे दांडे, लावायचे तर निदान तीन महिने आधी लावा. खाण्याचं सरावातच ठरवा: तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, जेलमधून घ्या किंवा खजूर-केळी-राजगिऱ्याच्या लाडवातून, पोटाला जे मानवेल ते. लाडू कोरडा पडतो, सायकलवर चघळताना ठसका लागतो, म्हणून घरी चाखून बघा. गोव्याच्या दमट हवेत नुसतं पाणी पीत राहू नका, मीठही पोटात जायला हवं.

नोंदणी करताना रक्कम परत मिळण्याची आणि पुढच्या वर्षी ढकलण्याची अट वाचा. समुद्र खवळला तर पोहणं कमी होऊ शकतं किंवा रद्द होऊन धावणं-सायकल-धावणं अशी रेस होते, आणि त्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत. गोव्याला राहायची जागा मिरामारहून चालत जाण्याइतकी जवळ घ्या, कारण रेसच्या पहाटे रस्ते बंद असतात आणि सायकल आदल्या दिवशीच ट्रान्झिशनमध्ये ठेवायची असते. नाशिकहून साडेसहाशे किलोमीटर आहेत, स्वतःच्या गाडीने गेलात तर कोल्हापूरला मुक्काम करा. सायकल बसच्या डिकीतून जाणार असेल तर मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, काढून कापडात गुंडाळून फ्रेमला आतल्या बाजूने बांधा, आणि तुमच्या फ्रेमला बसणारा एक जादा डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, खिशात ठेवा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि शनिवारी संध्याकाळी पणजीत शोधून मिळत नाही. पोहोचलात की सायकल जोडून सगळे गिअर बदलत अर्धा तास चालवा, ट्रान्झिशनमध्ये नेऊन टांगायच्या आधी.